ओट्याचं फडकं रोज धुऊनही वास का मारतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओटा पुसायचं आणि भांडी पुसायचं फडकं रोज रात्री साबण लावून धुतलं जातं, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला कुबट वास येतो. पावसाळ्यात तर सकाळीच येतो. पावडर बदलून झाली, डेटॉल घालून झालं, व्हिनेगरमध्ये भिजवून झालं. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, ते आता वरचं खायला लागलंय, म्हणून जास्त काळजी वाटते. काय करावं, आणि फडकी किती दिवसांनी बदलावीत?

तुम्ही धुण्यात कमी पडताय असं मला वाटत नाही. फडकं धुतल्यावर किती वेळ ओलं राहतं आणि एकच फडकं किती कामांना वापरलं जातं, या दोन गोष्टी आधी पाहा. वसतिगृहाची मेस, पोळी-भाजी केंद्र, मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर अशा ठिकाणी स्वच्छतेची जबाबदारी सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. वास मारणाऱ्या फडक्याची तक्रार आली की मी पावडरचं नाव विचारत नाही, रात्री ते कुठे टाकलं होतं ते विचारते. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: पिळून, घडी घालून, नळावर किंवा सिंकच्या काठावर.

तशा घडीच्या आतलं कापड सकाळपर्यंत ओलंच असतं. साबणाने बरेच जिवाणू निघून जातात, पण सगळे जात नाहीत. उरलेल्यांना ओल मिळते, ऊब मिळते आणि धाग्यांत अडकलेला तेलाचा, कणकेचा, वरणाचा अंश खायला मिळतो. सगळं मनासारखं जमून आलं तर काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात अशा २४ दुपटी बसतात. फडक्यावर इतका वेग नसतो हे खरं, पण निम्म्या वेगानेही सकाळचं गणित भयंकर होतं. आणि त्याच फडक्याने आपण सकाळी पहिलं काम काय करतो, तर रात्रभर कोरडा, स्वच्छ राहिलेला ओटा पुसतो.

वासाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती नीट समजली की पुढचे उपाय आपोआप पटतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासाचा माग काढला. वासाचं मूळ एका आम्लात निघालं, आणि ते आम्ल तयार करणारा जिवाणू म्हणजे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. हा जिवाणू कोरडेपणाही बऱ्यापैकी सोसतो आणि अतिनील किरणही. म्हणून असं होतं की फडकं वाळलं की वास गेल्यासारखा वाटतो, आणि पुन्हा पाणी लागलं की तासाभरात परत येतो. म्हणजे ज्या फडक्यात वास एकदा मुरला, त्याला नुसतं ऊन दाखवून भागत नाही. त्याला एकदा नीट उकळायला हवं. त्यानंतर ते रोज लवकर वाळत राहिलं तर वास पुन्हा मुरत नाही. तुमच्या घरी उकळणंही राहिलंय आणि वाळवणंही, त्यामुळे कितीही चांगली पावडर आणली तरी फरक पडणार नाही.

वास नाही म्हणजे फडकं स्वच्छ, असंही समजू नका. पोट बिघडवणारे जिवाणू बऱ्याचदा कसलाच वास सोडत नाहीत. मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये महिनाभर वापरलेली १०० घरगुती फडकी तपासली. त्यांतल्या ४९ फडक्यांवर जिवाणूंची वाढ सापडली. घरात माणसं जास्त, लहान मुलं असलेली, तिथे वाढ जास्त होती. ओलसर फडक्यांवर कोलिफॉर्म गटातले, म्हणजे आतड्यांशी संबंधित जिवाणू, कोरड्यांपेक्षा जास्त सापडले. भांडी पुसणं, हात पुसणं, गरम भांडं धरणं, ओटा पुसणं ही सगळी कामं एकाच फडक्यावर असतील तर त्यावरचा भार एका कामाच्या फडक्यापेक्षा जास्त होता. आपल्याकडच्या बहुतेक ओट्यांवर नेमकं हेच चित्र असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे वाटणी. घरात निदान चार प्रकारची फडकी वेगळी हवीत: ओट्याचं, भांड्यांचं, हात पुसायचं आणि गरम भांडी धरायचं. ती दिसायलाही वेगळी असावीत, नाहीतर घाईत कुणाच्याही लक्षात राहत नाही. मेसमध्ये आम्ही रंग ठरवून द्यायचो. घरी कडेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे चार टाके घातले तरी पुरतं. जमिनीचं पोतेरं या हिशेबातच नाही. ते वेगळ्या बादलीत, वेगळ्या दोरीवर, आणि शक्यतो स्वयंपाकघराच्या बाहेर.

यांतलं सगळ्यात धोक्याचं कुठलं, असं विचाराल तर मी ओट्याचं नाही म्हणणार. हात पुसायचं म्हणेन. फ्रिजच्या मुठीला अडकवलेला तो नॅपकिन बघा. कोंबडी धुताना, मासळी साफ करताना, अंडं फोडल्यावर आपण हात घाईने नळाखाली धरतो आणि त्याला पुसतो. अर्धवट धुतलेल्या हातांवरचं सगळं त्यात जातं. पाच मिनिटांनी मूल शाळेतून येतं, हात स्वच्छ धुतं आणि त्यालाच पुसतं. धुतलेले हात पुन्हा मळवायचं काम तो नॅपकिन दिवसभर इमानेइतबारे करत असतो. हे फडकं रोज बदलायला हवं, आणि मांसमासळीचं काम झालं की त्याच वेळी. तुमच्याकडे बाळ आहे, तर बाळाला भरवण्याआधी हात पुसायला एक छोटा, रोज बदलायचा रुमाल वेगळाच ठेवा.

कच्च्या मांसमासळीचं पाणी ओट्यावर सांडलं तर ते कुठल्याच रोजच्या फडक्याने पुसू नका. कागदी रुमाल किंवा जुनी चिंधी घ्या, टिपा आणि थेट कचऱ्यात टाका. मग ती जागा साबणाने घासून, पाण्याने धुऊन कोरडी करा. कोकणात आणि गोव्यात मासळीचं काम अनेक घरांत मागच्या पडवीत, वेगळ्या विळीवर आणि वेगळ्या पाण्याने होत आलंय. त्या पद्धतीत मोठं शहाणपण आहे. फ्लॅटमध्ये पडवी नसते, पण निदान मासळी सिंकमध्येच साफ करावी, ओट्यावर नाही.

भांड्यांच्या फडक्याबद्दल माझा सल्ला काहींना आवडत नाही, तरी सांगते: भांडी पुसूच नका. घासलेली भांडी पालथी घालून जाळीत नितळत ठेवली की स्टीलचं ताट अर्ध्या-पाऊण तासात आपोआप कोरडं होतं, आणि हवेने वाळलेलं ताट फडक्याने पुसलेल्या ताटापेक्षा स्वच्छ असतं. फडकं लागतं ते लोखंडी तवा, विळी, पितळी पातेली आणि चाकू यांना, कारण तिथे पाणी राहिलं की गंज किंवा डाग पडतात. पाहुणे जेवायला बसलेत आणि ताटं लगेच हवीत, तेव्हा पुसा. पण त्यासाठी कपाटातून धुतलेलं कोरडं फडकं काढा, खांद्यावरचं नको.

आता कापड. पातळ, सुती, लवकर वाळणारं फडकं हे अर्धं काम करून टाकतं. मलमल, जुनं धोतर, विटलेली नऊवारी, पंचा, मांजरपाट यांतलं काहीही चालेल, फक्त नवं मांजरपाट दोनदा गरम पाण्यातून काढून त्याची खळ घालवा, नाहीतर ते पाणीच पीत नाही. टर्किशचे जाड नॅपकिन दिसायला छान असतात आणि पाणीही भरपूर शोषतात, पण वाळायला दुप्पट वेळ घेतात. त्यांच्या दोऱ्यांच्या फासांत अन्नाचे कण अडकतात ते वेगळंच. ओट्यासाठी मी ते कधीच घेत नाही. जुन्या सिंथेटिक साडीचे तुकडे तेलकटपणा धरून ठेवतात आणि पाणी नुसतं इकडून तिकडे सारतात. मायक्रोफायबर काचेला, फ्रिजला उत्तम, पण ते पॉलिएस्टर-नायलॉनचं असल्याने उकळता येत नाही, म्हणून अन्नाच्या जागी नको. आणि रंग पांढरा किंवा अगदी फिका असावा. गडद फडकं मळ लपवतं, आणि मळ लपला की फडकं बदलायचं राहून जातं.

फडकी पुरेशी हवीत. चौघांच्या घरात पंधराएक पातळ फडकी असली की रोज बदलायला त्रास होत नाही. दोनच असली तर ओलं फडकं ओलंच वापरलं जाणार. तिथे शिस्तीचा उपदेश करून उपयोग नाही.

रोजचं धुणं साधं आहे. दुपारी जेवणं झाल्यावर एकदा आणि रात्री एकदा. आधी वाहत्या पाण्याखाली झटकून कण काढून टाका. फडकं तेलकट असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घ्या, कपड्यांच्या साबणापेक्षा तो तेल चांगलं सोडवतो. चोळा, बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळून काढा, घट्ट पिळा आणि झटकून, पूर्ण उलगडून वाळत घाला. दोरीवर दुमडून टाकलं तर दोन थर होतात आणि वाळायचा वेळ वाढतो, म्हणून दोन चिमट्यांनी एका कडेला धरून लोंबतं ठेवा. सिंकपासून दूर, वारा येईल तिथे. रात्री धुतलेलं फडकं सकाळी हाताला थंडगार लागलं तर ते ओलं आहे असं समजा आणि दुसरं कोरडं घ्या.

बोअरचं पाणी जड असेल तर आणखी एक भानगड होते. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा राखाडी चिकट थर कापडावर बसतो, आणि त्या थरात तेल आणि जंतू दोन्ही अडकून राहतात. फडकं धुऊनही कडक आणि मेणचट लागतं ते यामुळेच. लोक त्यावर फॅब्रिक कंडिशनर घालतात. तो तर फडक्यांना कधीच घालू नये, कारण त्याचा लेप बसून सुती कापडाची पाणी शोषायची ताकदच कमी होते. जड पाण्याला धुण्याचा सोडा हवा.

त्यावरून उकळण्याकडे येते. आठवड्यातून एकदा, आणि पावसाळ्यात दोनदा. स्टीलचं मोठं पातेलं किंवा डबा या कामाला वेगळा ठेवा. ॲल्युमिनियमचा नको, धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि भांडं काळं पडतं. आधी फडकी नेहमीसारखी साबणाने धुऊन घ्या. ही पायरी गाळू नका, नाहीतर घाणीचंच पाणी उकळत बसाल. मग ५ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडी कपड्यांची पावडर घालून फडकी पूर्ण बुडतील अशी टाका. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून १० ते १५ मिनिटं मोजा. मधून लाकडी दांड्याने खाली दाबा, कारण हवा भरून फुगलेला भाग पाण्यावर राहतो आणि त्याला उष्णता लागत नाही. पातेलं काठोकाठ भरू नका, सोड्याचं पाणी फेस धरून उतू येतं. मग गॅस बंद करून पाणी कोमट होऊ द्या, हातमोजे घालून चोळा आणि दोन पाण्यांतून काढा. पहिल्यांदा उकळाल तेव्हा पाण्याचा रंग बघा. ज्या फडक्यांना आपण स्वच्छ समजत होतो, त्यांतून चहासारखं पाणी निघतं. परीट कपडे भट्टीला लावत असत त्यामागे हेच गणित होतं: अल्कली आणि उष्णता एकत्र आली की तेलाचं साबणात रूपांतर होतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं.

धुण्याचा सोडा मिळाला नाही तर खाण्याचा सोडा चालतो. तो सौम्य असतो, पण पाण्यात उकळला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन हळूहळू त्याचा धुण्याचाच सोडा बनतो. थोडा जास्त घ्या आणि थोडा जास्त वेळ उकळा.

वॉशिंग मशीन असेल तर ६० अंश सेल्सियसचा सुती कपड्यांचा प्रोग्रॅम लावा. त्याला वेळ जास्त लागतो, पण फडक्यांसाठी तो वेळ देण्यासारखा आहे. वरून कपडे टाकायच्या अनेक मशिनींत हीटर नसतो. तिथे थंड पाण्यात धुतलेली फडकी दिसायला स्वच्छ होतात, एवढंच. अशा घरी आठवड्याचं उकळणं चुकवू नका. अंतर्वस्त्रं, बाळाचे लंगोट, पायपुसणी आणि स्वयंपाकघरातली फडकी एकत्र घालायची नाहीत. बाळ असलेल्या घरात ही गल्लत सहज होते, कारण मशीन रोजच लागतं. मशीन झालं की लगेच कपडे काढा. बंद दारामागे तीन-चार तास राहिलेल्या धुतलेल्या फडक्यांना पुन्हा तोच वास धरतो.

आता तुम्ही करून पाहिलेल्या उपायांकडे. व्हिनेगर जड पाण्याचा थर काही प्रमाणात सोडवतं आणि वासही तात्पुरता मारतं, पण मुरलेल्या जिवाणूंना उकळण्याइतका इलाज ते नाही. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालायची पद्धत खूप पसरली आहे. त्यात फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळपास नुसतं क्षाराचं पाणी उरतं. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगवेगळ्या दिवशी वापरा. डेटॉलचा वास कापडात राहतो आणि तिथून ताटाला लागतो, म्हणून अन्नाच्या फडक्यांना मी ते वापरत नाही. लिंबू, कापूर, कडुनिंबाचं पाणी यांनी वास सुखद होतो, पण स्वच्छतेचं काम त्यांच्यावर सोपवू नका. ओलं फडकं मायक्रोवेव्हमध्ये फिरवण्याचा सल्लाही दिसतो. त्यातला कोरडा राहिलेला भाग पेट घेऊ शकतो. उकळणं हाताशी असताना हा धोका कशाला पत्करायचा?

ब्लीचची गरज रोज नसते. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, किंवा कच्च्या मांसाचं पाणी लागलेलं फडकं टाकून देता येत नाही, अशा वेळी ते वापरा. बाजारातल्या साध्या क्लोरीन ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ४ ते ५ टक्के असतं, बाटलीवर वाचून घ्या. १ लिटर थंड पाण्यात ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा घातलं की दर लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅमचं द्रावण होतं. धुतलेलं पांढरं सुती फडकं त्यात १० मिनिटं ठेवा आणि मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. न धुतलेल्या फडक्यावर ब्लीच वाया जातं, कारण अन्नाचे कणच ते संपवून टाकतात. जास्त घातलं तर जास्त स्वच्छ होत नाही, कापड मात्र विरतं. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: ब्लीच कधीही व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या द्रवात मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

हळदीच्या डागांसाठी ब्लीच ओतणाऱ्यांची मला खंत वाटते. हळदीचा डाग म्हणजे घाण नव्हे. साबण लावल्यावर तो लाल होतो, कारण हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. तेच कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही. फडकं धुऊन ओलंच कडक उन्हात टाका, दोन दुपारींत डाग फिका पडतो. नाही गेला तरी बिघडत नाही. पिवळट पण उकळलेलं, कोरडं फडकं हे पांढऱ्याशुभ्र ओल्या फडक्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी ओल असते की दोरीवरचं फडकं दोन दिवस वाळत नाही. तेव्हा मी असं करते: ओट्यासाठी सगळ्यात पातळ फडकी काढते आणि लहान तुकडे करते. रात्री धुऊन घट्ट पिळल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पुन्हा पिळते, त्याने बरंच पाणी निघून जातं. मशीन असेल तर नुसतं स्पिन करा. मग पंख्याखाली उलगडून ठेवायची. सकाळी ओलसर वाटलं तर कडक इस्त्री. सुती कापडाच्या तापमानाची इस्त्री, वाफ निघायची थांबेपर्यंत दाबून फिरवली की फडकं वाळतंही आणि निर्जंतुक व्हायलाही मोठी मदत होते. दोन-तीन फडक्यांना पाच मिनिटं लागतात. गॅसच्या वर दोरी बांधून वाळवायचं मात्र टाळा, एक टोक सुटून ज्योतीवर पडायला वेळ लागत नाही. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती धाग्यात शिरते आणि धुऊन जात नाही. असं फडकं अन्नाच्या जवळ ठेवायचं नाही.

ज्या फडक्यांचा अन्नाला थेट स्पर्श होतो, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि माझ्या मते लक्ष तिथेच जास्त हवं. पोळ्यांच्या डब्यातलं फडकं घ्या. गरम पोळी ठेवली की वाफ त्यात धरते, वर तूप-तेल लागतं, आणि डबा बंद. अनेक घरांत ते फडकं आठवडाभर तसंच राहतं, कारण ते ‘मळलेलं’ दिसत नाही. तुपाचा खवट वास येऊ लागला की मग बदललं जातं. ते रोज बदला. पोळी केंद्रात आम्ही दर खेपेला बदलत असू. पोळ्या आधी जाळीवर दोन मिनिटं निवू द्या, मग डब्यात घाला. फडकंही कमी भिजेल आणि खालची पोळीही चिंब होणार नाही.

चक्का बांधायचं फडकं आधी थंड पाण्यातच धुवा. गरम पाण्याने दुधातलं प्रथिन कापडावर घट्ट बसतं आणि मग निघता निघत नाही. थंड पाण्यात दह्याचा अंश पूर्ण काढा, मग साबण, मग नुसत्या पाण्यात उकळा. मोदकाला, अळूवडीला चाळणीत घालायच्या फडक्याचंही तसंच. शेवटचं उकळणं बिनसाबणाचं असावं, नाहीतर वाफेबरोबर पावडरचा सुवास मोदकात उतरतो.

मोड आणायचं फडकं सगळ्यात नाजूक. मटकी, मूग, मेथी आपण बारा-पंधरा तास ओल्या फडक्यात उबेला बांधून ठेवतो. धान्याला मोड यायला जे वातावरण लागतं तेच जिवाणूंना लागतं. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलायची जी मोठी साथ आली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला होता, आणि पन्नासच्या वर माणसं दगावली. तिथे दूषित बियाणं हे कारण होतं, फडकं नव्हे. पण ओल आणि उबेत थोड्याशा जिवाणूंचं काय होऊ शकतं हे त्यातून कळतं. म्हणून मोडाचं फडकं प्रत्येक वेळी आधी १० मिनिटं उकळून घ्या, ते दुसऱ्या कशालाच वापरू नका, आणि मोड आल्यावर उसळ नीट शिजवा. बाळाला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसांना आणि आजारातून उठलेल्यांना कच्चे मोड देऊ नका.

घासणीबद्दल दोन वाक्यं. जर्मनीतल्याच संशोधकांनी २०१७ मध्ये वापरलेले १४ स्पंज तपासले. त्यांत जिवाणूंची दाटी प्रचंड होतीच, शिवाय नियमित स्वच्छ केले जाणारे स्पंजही काही कमी भरले नाहीत. स्पंजच्या आतल्या पोकळ्यांपर्यंत काही पोहोचत नाही. त्यापेक्षा काथ्या किंवा जाळीची घासणी घ्या, ती उभी करून वाळवता येते, आणि दोन-तीन आठवड्यांनी बदला.

घरी कामाला ताई किंवा मावशी येत असतील तर फडक्यांची ही वाटणी त्यांच्याशी बसून बोला. नुसती सूचना देऊन काम होत नाही. त्यांना विचारा, दोरी कुठे हवी, चिमटे कुठे हवेत, कुठलं फडकं हाताला बरं पडतं. आपण त्यांच्या हातात घरातलं सगळ्यात फाटकं, सगळ्यात ओलं फडकं देतो आणि ओटा चकचकीत हवा म्हणतो, हे मला पटत नाही. रोजच्या कामासाठी त्यांना कोरडी फडकी मोजून काढून द्या. त्या चार घरी जातात, म्हणून हात धुवायला साबण आणि पुसायला स्वतंत्र स्वच्छ नॅपकिनही त्यांच्यासाठी ठेवा. त्यांच्या तब्येतीसाठीही ते गरजेचं आहे.

राहिला प्रश्न किती दिवसांनी बदलायचं याचा. वापरातून काढून धुवायला टाकायचं ते रोज, आणि कच्चं मांस, अंडं, उलटी असलं काही लागलं तर त्याच क्षणी. कायमचं बाद करायचं ते तारीख बघून नाही. उकळूनही वास परत येतो, काळे ठिपके पडलेत, किंवा कापड विरून धागे सुटू लागलेत, यांपैकी एक झालं की ते ओट्यावरून उतरवायचं. उतरलेलं फडकं खिडक्यांना, मग जमिनीला, मग गाडी पुसायला जाईल, पण पुन्हा वर चढणार नाही. ते दोरीवर चुकून मिसळू नये म्हणून उतरवताना त्याचा एक कोपरा कापून टाका.

तुमच्यासाठी सुरुवात अशी: या रविवारी घरातली सगळी फडकी एकत्र काढा, बुरशीची आणि विरलेली बाजूला करा, उरलेली सोड्यात उकळा. एखादं जुनं सुती लुगडं किंवा धोतर फाडून दहा नवी फडकी करा आणि कडा दुमडून शिवून घ्या, म्हणजे धागे ताटात येणार नाहीत. बाळाच्या वाट्या-चमच्यांना फडकं लावूच नका, उकळत्या पाण्यातून काढून जाळीत पालथे घाला. आणि सिंकच्या नळावरची जागा रिकामी ठेवून दोरी खिडकीपाशी बांधा.